पाच किलो आणि माळव्याची रात्र

आपल्या वार्षिकात परगावी शिकायला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रवासवर्णन लिहायचे, असा रिवाजच पडून गेला आहे. त्याप्रमाणे मलाही निरोप आला, "इंदूरविषयी काहीतरी लिहा." राजवाडा, लालबाग, काचमंदिर, खजराना गणपती हे सारे मी पाहिले आहे आणि त्यावर चार पाने भरवणे काही अवघड नाही. पण वाचकहो, इंदुरातली माझी दोन वर्षे या स्थळांभोवती गेली नाहीत. ती गेली एकीकडे संख्याशास्त्राची पुस्तके आणि दुसरीकडे वजनाचा काटा, या दोहोंच्या मध्ये. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणींनीही पान उलटू नये. काट्याला मराठी-कानडी कळत नाही.

२०२३ च्या जुलैत मी निपाणीहून इंदूरला गेले. बी. एस्सी. आपल्याच महाविद्यालयात झाली होती, एम्. एस्सी.ला देवी अहिल्या विश्वविद्यालयात प्रवेश मिळाला. हे विद्यापीठ १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि १९८८ पासून अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते. त्याचा मोठा परिसर खंडवा रस्त्यावर आहे. राहण्याची सोय मात्र रामबागेत, आत्याकडे. रामबाग म्हणजे इंदुरातली जुनी मराठी वस्ती. होळकरांच्या मागोमाग आलेल्या मराठी माणसांनी या शहरात चांगलेच मूळ धरले आहे. फक्त त्यांच्या मराठीला आता माळव्याचे पाणी लागले आहे. आत्या लग्न होऊन तिकडे गेली त्याला तीस वर्षे झाली. दारात पाऊल टाकताच तिने विचारले, "चाय घेशील की आधी काही खाऊन घेतेस?" यात 'नको' म्हणायला जागाच नव्हती. तिच्या यजमानांना मी आमच्याकडच्या पद्धतीने 'मामा' म्हणत असे. शेजारच्या बायकांना ते मोठे नवलाचे वाटे. त्यांच्या हिशेबी ते फुफाजी. "मामा कसे काय?" म्हणून त्या दोन वर्षे विचारत राहिल्या.

या शहराचा दिवस पोह्यांनी उजाडतो. आपल्याकडे पोहे कढईत परततात आणि पाहुण्यांसमोर ठेवतात. तिकडे ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर गरम राहतात. वरून शेव, बडीशेप, कांदा, लिंबू आणि जिरावन नावाचा एक काळपट मसाला. शेजारी गरम जिलेबी. पोहे आणि जिलेबी एका बशीत कशी, हा प्रश्न मला पहिले चार दिवस पडला. पाचव्या दिवशी पडला नाही. दुपारी कचोरी. संध्याकाळी छप्पन दुकान. या गल्लीला २०१९ साली स्वच्छ खाद्यगल्ली म्हणून केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते योग्यच आहे. पण स्वच्छ म्हणजे हलके नव्हे, हे प्रमाणपत्रावर कोणी लिहीत नाही.

आणि रात्री सराफा. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे शेगड्या पेटतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गल्लीत मुंगीला वाट नसते. भुट्टे का कीस, म्हणजे कोवळे कणीस किसून दुधात शिजवलेले. थंडीच्या दिवसांत गराडू, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी आणि वर तिखट मसाला. बशी झाकून टाकणारा जलेबा. दह्यावड्यांचा द्रोण हवेत भिरकावून पुन्हा झेलणारा विक्रेता. इथली शिकंजी लिंबाची नसते, दाट आटवलेल्या दुधाची आणि सुक्या मेव्याची असते. लिंबूपाणी समजून कोणी मागवली तर पोटाला तासभर काम लागते. मी हे वर्णन तक्रारीच्या सुरात करीत नाही. असे खाणे ज्या गावात आहे तिथे दोन वर्षे राहायला मिळाले याचा मला आनंदच आहे.

मी इंदूरला गेले तेव्हा वजन ६६ किलो होते. पहिले वर्ष संपवून २०२४ च्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा ७१. उंची १५६ सेंटिमीटर. आमच्या डॉक्टरांनी आईच्या तपासणीबरोबर माझेही रक्त काढून घेतले. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी नावाची चाचणी असते. तिचा आकडा ५.७ च्या खाली असला म्हणजे ठीक, ६.५ आणि वर गेला म्हणजे मधुमेह. माझा आला ६.१. वय बावीस.

आमच्या घरात या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आज्जीचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मी चौथीत होते. आईच्या डोळ्यांवर दोन वेळा लेसरचे उपचार झाले आहेत. ती सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेते. त्या दिवशी तिने माझा कागद खिडकीशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि काही न बोलता घडी घालून कपाटात ठेवला. ती काही बोलली असती तर मला बरे वाटले असते.

दुसरीकडे पुढ्यात होते एम्. एस्सी.चे दुसरे वर्ष. दोन सत्रे, प्रबंध आणि त्यातच नेटची तयारी. विद्यापीठातल्या शिक्षणाचे असे असते की ते तुमच्याकडून वेळ मागत नाही, सगळाच वेळ मागते. वजन उतरवणे ही तर स्वतंत्र पूर्ण वेळाची नोकरी, असे ते काम करणाऱ्यांकडे पाहून वाटे. दोन्ही एकदम कसे करायचे?

माझा विषय संख्याशास्त्र असल्यामुळे मी प्रथम आकड्यांकडे गेले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराविषयी जे दाखवून दिले ते आपल्या सर्वांना लागू आहे. दिसायला किरकोळ असणाऱ्या आपल्या माणसांच्या अंगातही युरोपियनांच्या मानाने चरबीचा वाटा जास्त असतो. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या एका डॉक्टरांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. वजन-उंचीचे गुणोत्तर दोघांचे जवळपास सारखे, पण याज्ञिकांच्या अंगातली चरबी दुपटीहून जास्त. म्हणून आपल्यासाठी त्या गुणोत्तराच्या रेषाही खाली ओढल्या आहेत: २३ च्या वर गेले की वजन जास्त, २५ च्या वर स्थूलता. माझे येत होते २९ च्या वर.

मात्र दुसरे आकडे दिलासा देणारे होते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: वजन ७ टक्क्यांनी उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटे चाला किंवा तेवढे श्रम करा. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी तसाच प्रयोग आपल्या लोकांवर केला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. तिथे नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर चालणे आणि आहार सांभाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. फरक अमेरिकेइतका नाही, पण फरक आहे.

७१ चे ७ टक्के म्हणजे ४.९७. पाच किलो! मी वहीत हा आकडा दोनदा अधोरेखित केला. वीस किलो उतरवून 'ओळखू येत नाहीस' असे कोणी म्हणावे, अशी माझी गरजच नव्हती. मला पाच किलो हवे होते आणि त्यासाठी हाताशी दहा महिने होते. महिन्याला अर्धा किलो. एवढ्यासाठी प्रबंध बाजूला ठेवायचे कारण नव्हते.

जुलैत इंदूरला परतून मी हे आत्याला सांगितले, आणि घरात दोन पक्ष आहेत याचा शोध लागला. आत्या दीक्षित पक्षाची. दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत उरकायचे आणि एरवी तोंडाला कुलूप. ती ताटावर बसण्याआधी भिंतीवरचे घड्याळ पाही. वहिनी, म्हणजे माझ्या आतेभावाची बायको, ऋजुता दिवेकरांच्या बाजूची. दर दोन तासांनी थोडे थोडे खा, आज्जी खायची ते खा, तुपाला भिऊ नका. एकाच स्वयंपाकघरात एक जण कोरडी आणि दुसरी शेंगदाण्यांची मूठ घेऊन उभी. मामा मधल्या मध्ये दोघींच्याही वेळांना जेवून घेत. २०१८ च्या सुमारास हा वाद महाराष्ट्रात घरोघरी चालला होता हे आपल्यालाही आठवत असेल. माळव्यात तो अजून ताजा होता.

या वादातली एक गंमत मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. डॉ. जगन्नाथ दीक्षित आपली योजना डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभी असल्याचे स्वतः सांगतात. हे तेच नागपूरचे जिचकार. त्यांनी वीसेक पदव्या मिळवल्या आणि बेचाळीस विद्यापीठीय परीक्षा दिल्या असे सांगितले जाते. ते डॉक्टर होते, वकील होते, भारतीय प्रशासन सेवेसाठी निवडले गेले, ते सोडून १९८० मध्ये आमदार झाले. २००४ साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. परीक्षा आणि वजन या दोन्ही चिंता ज्या एका माणसाच्या नावाशी येऊन मिळतात असा दुसरा मराठी माणूस मला ठाऊक नाही. दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीत परीक्षार्थ्याचा सोयीस्कर विचार दिसतो: खाण्याचा निर्णय दिवसातून दोनदाच करायचा, म्हणजे उरलेले डोके मोकळे.

पण माझे तास साडेदहाला सुरू होत आणि पाचला संपत. आत्याच्या वेळा मला जमण्यासारख्या नव्हत्या, आणि वहिनीप्रमाणे दर दोन तासांनी डबा उघडला असता तर प्राध्यापकांनी वर्गाबाहेर काढले असते. दोन्ही पक्षांना मी मनोभावे नमस्कार केला. आत्याला वाईट वाटले. "तू तर माझं काही ऐकतच नाही," ती म्हणाली आणि आठवडाभर माझ्या ताटात तूप जास्त वाढत राहिली.

मी दुसऱ्या बाजूने विचार केला. पहिल्या वर्षी पाच किलो आले ते कुठून? जेवणातून नव्हे, आत्याकडची पोळी-भाजी आणि आईची भाकरी-आमटी यांत वजनाच्या दृष्टीने फार अंतर नाही. पोह्यांतूनही नव्हे, कारण पोहे सकाळी खाल्ले की दुपारपर्यंत काही लागत नसे. मी वहीत जुलैचे तीन आठवडे, खाल्लेले सगळे तासांप्रमाणे लिहून काढले. लिहिताना काही बदलायचे नाही, नुसते लिहायचे. आलेख काढला तो इतका सरळ होता की प्राध्यापकांना दाखवावासा वाटला. दिवसभर काही विशेष नाही. रात्री दहानंतर एकदम सुळका.

माळव्याची रात्र पूर्वीपासून नावाजलेली. अवधची संध्याकाळ, बनारसची सकाळ आणि माळव्याची रात्र, असे जुने लोक म्हणत. दिवसभर तापलेले पठार रात्री निवते आणि गार वारा सुटतो. झोपावेसे कोणालाच वाटत नाही. आमचा पाच जणांचा गट रात्री आठला एकीच्या खोलीवर जमे आणि अकरापर्यंत गणिते सोडवी. मग कोणीतरी म्हणे, "चलो, सराफा!" एकदा तिकडे गेले की परतायला एक वाजे. झोप दोनला, उठणे सातला.

अभ्यास केल्यावर लागणारी ती भूक खरी असते का? कॅनडातल्या लावाल विद्यापीठात याचा एक छोटा प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चौदा विद्यार्थिनी. पाऊण तास एकदा स्वस्थ बसायचे, एकदा मजकूर वाचून त्याचा सारांश लिहायचा, एकदा संगणकावर चाचण्या सोडवायच्या. आणि प्रत्येक वेळी नंतर हवे तेवढे खायचे. डोके चालवण्याने शरीराची शक्ती खर्च झाली ती स्वस्थ बसण्यापेक्षा फक्त ३ कॅलरी जास्त. खाणे मात्र दोनशेहून अधिक कॅलरींनी वाढले. 'एवढा अभ्यास केला, आता खायला हवेच' हे आपण सगळेच म्हणतो. तीन कॅलरी म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी साखर! आणि त्यावर आम्ही जलेबा खात होतो.

दुसरा प्रयोग शिकागोचा, २०१० चा. दहा माणसांना मोजके खाणे देऊन चौदा दिवस रात्री साडेआठ तास आणि आणखी चौदा दिवस साडेपाच तास अंथरुणात राहू दिले. काट्यावरचे वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. पण पुरेशी झोप मिळाली तेव्हा त्यात चरबी होती १.४ किलो आणि झोप कमी पडली तेव्हा ०.६ किलो. बाकीचा तोटा चरबीऐवजी स्नायूंसारख्या कामाच्या पेशींचा. वर भूकही जास्त. दहाच माणसे आहेत, आणि एवढ्याशा नमुन्यावर विसंबू नये हे मला पहिल्या सत्रात शिकवले आहे. तरी सांगते, हे वाचल्यावर माझा प्रश्नच बदलला. मी समजत होते की अभ्यास आणि वजन यांचे भांडण जेवणावरून आहे. ते भांडण रात्रीचे होते. अकरानंतर सोडवलेली गणिते मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवावी लागत, म्हणजे तो वेळ अभ्यासाच्याही उपयोगी पडत नव्हता. एकाच भोकातून दोन्ही गळत होते.

यात अवघड काय आहे, असे वाचकांना वाटेल. लवकर झोपायचे, झाले. अवघड हे होते की आमच्या गटाची खरी चर्चा सराफ्यात होई. खोलीवर प्रत्येकजण आपापल्या वहीत डोके घालून; गल्लीत द्रोण हातात आला की जीभ सैल होई. बहुचल विश्लेषणातली एक न सुटलेली पायरी मला गराडूच्या शेगडीसमोर समजली आहे. नोटांची देवाणघेवाण, कोणत्या प्रश्नावर भर द्यायचा, प्रबंधाला कोण मार्गदर्शक बरे, सारे तिथेच. शिवाय मी कर्नाटकातून आलेली, हिंदी अडखळत बोलणारी मुलगी; मला या चौघांनी आपल्यात घेतले ते सराफ्यानेच. "आजपासून मी अकराला झोपणार" म्हटले तेव्हा एकीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी गाव सोडून चालले आहे. पहिले दोन आठवडे त्या मला सकाळी रात्रीचे काही सांगतच ना. एका अंतर्गत चाचणीत आलेला प्रश्न त्यांनी आदल्या रात्री सराफ्यात सोडवला होता. मी नव्हते. तीन गुण गेले. ते गुण मी अजून विसरलेले नाही.

मग थोडी देवघेव झाली. शनिवारची रात्र सराफ्याची, त्यात तडजोड नाही. त्या रात्री मी जे हवे ते खाई आणि त्याचा हिशेब लिही पण खंत करीत नसे. एरवी मी पाचला उठून दीड तास अभ्यास करी आणि साडेनऊला भंवरकुआ चौकात उतरे. गटातली एक मैत्रीण तिथेच खोली घेऊन राहत होती. ती रात्रीच्या चर्चेचा वृत्तान्त पोह्यांच्या बशीवर मला सांगे, आणि मी पहाटे सुटलेले तिला सांगे. तिला जिलेबी, मला नुसते पोहे आणि जास्तीचा कांदा. पुढे बाकीच्यांपैकी आणखी एक सकाळी येऊ लागली. उरलेल्या दोघी शेवटपर्यंत सराफ्याच्याच राहिल्या, आणि त्यांतली एक वर्गात दुसरी आली. तेव्हा जागरण करणारे नापास होतात असा अर्थ यातून कोणी काढू नये.

भंवरकुआपासून विद्यापीठापर्यंत बसऐवजी चालत, जाता-येता पंधरा पंधरा मिनिटे. आठवड्याचे पाच दिवस. पंधरा गुणिले दोन गुणिले पाच, दीडशे मिनिटे बरोबर! अमेरिकेच्या पाहणीतला आकडा असा पायाखाली आला. व्यायामशाळेची फी वाचली, वेगळा वेळ काढावा लागला नाही आणि पाठीवर पुस्तकांचे ओझे असल्यामुळे चढाला घामही येई. जेवणात बदल थोडेच केले: दुपारच्या डब्यात दोन पोळ्या, मोड आलेली उसळ किंवा चण्याची भाजी आणि काकडी, म्हणजे चारपर्यंत कचोरीची आठवण होत नसे, चहाची साखर निम्मी, रात्री साडेआठला भात-आमटी. भात मी सोडला नाही. निपाणीच्या माणसाला आमटी पोळीशी खायला लावणे हा अन्याय आहे.

वसतिगृहातल्या एका मुलीने वेगळा मार्ग घेतला होता. तिला घरच्यांनी लग्नाआधी दहा किलो उतरव म्हणून सांगितले होते. ती दिवसभर कसल्या तरी पाकिटातली पूड पाण्यात ढवळून पिई आणि संध्याकाळी एक सफरचंद खाई. महिन्याभरात सहा किलो उतरले. सगळ्या तिला विचारायला जात, मीही गेले. डिसेंबरच्या परीक्षेत दुसऱ्या पेपराला ती बाकावर डोके ठेवून बसून राहिली. नंतर सांगत होती, "प्रश्न वाचत होते, पण शेवटच्या शब्दापर्यंत जाईतो पहिला निसटत होता. आणि सारखी पुरी दिसत होती."

हे ऐकले तेव्हा मला मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उपासमारीतून सुटलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे कळावे म्हणून अँसल कीज यांनी १९४४-४५ मध्ये छत्तीस तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. पण ती माणसे स्वतः सांगत होती की आमचे मन कशात लागत नाही. धडधाकट तरुण मुले स्वयंपाकाची पुस्तके जमवून वाचत बसत. परीक्षेला बसणाऱ्याच्या दृष्टीने बुद्धी शाबूत आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. ती पुरी सोडून पेपरावर बसते का, हा आधीचा.

म्हणून मी एक नियम केला, आणि सगळ्या खटाटोपात मला तो सर्वांत उपयोगी पडला. परीक्षेच्या महिन्यात वजन उतरवायचे नाही. वाढू द्यायचे नाही, एवढेच. डिसेंबर आणि मे, या दोन महिन्यांत मी पोटभर जेवले, चौथी वेळ म्हणून संध्याकाळी दूध आणि मूठभर फुटाणे घेतले, झोप सात तासांखाली जाऊ दिली नाही. दहा महिन्यांतले दोन असे गेले तरी आठ उरतात. आत्याला ही सवलत फार आवडली. "परीक्षा तर रोज असायला पाहिजे," म्हणाली.

काट्याविषयी थोडे सांगून संपवते, कारण अनेक जण तिथेच हरतात. रोजचे वजन फार लबाड असते. शनिवारच्या सराफ्यानंतर रविवारी सकाळी माझे वजन एक किलोने वाढलेले दिसे. एका रात्रीत एक किलो चरबी वाढायची तर सुमारे साडेसात हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील; सराफ्यातही ते कठीण आहे. ते असते मिठाबरोबर थांबलेले पाणी. तसेच उलट, पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो भराभर उतरतात तेही बरेचसे पाणीच. म्हणून मी रोजचा आकडा लिही पण पाही तो सात दिवसांच्या चल सरासरीकडे. चल सरासरी ही आमच्या अभ्यासक्रमातली अगदी प्राथमिक गोष्ट. तिने मला जेवढे शांत ठेवले तेवढे कुठल्याही औषधाने ठेवले नसते. ऑक्टोबरात तीन आठवडे ती रेषा आडवी राहिली तेव्हाही मी काही बदलले नाही. चौथ्या आठवड्यात ती आपोआप खाली वळली.

जुलैत ७१. डिसेंबरच्या सुरुवातीला ६८.४, परीक्षेनंतरही तेवढेच. एप्रिलअखेर ६६.३. २०२५ च्या जूनमध्ये प्रबंध देऊन घरी आले तेव्हा ६६.१. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जितकी इंदूरला गेले होते जवळपास तितकीच परत आले, आणि गुणोत्तर अजून २७ च्या वरच. स्टेशनवर न्यायला आलेल्या काकांनी "काही फरक नाही बघ" असे प्रशस्तिपत्रही दिले. एम्. एस्सी.ला प्रथम वर्ग मिळाला. नेट पहिल्या वेळी थोड्या गुणांनी हुकली. पुन्हा देणार आहे. एचबीएवनसी ५.७ आली, म्हणजे ठीक रेषेच्या अगदी वर, दाराच्या चौकटीत उभी. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

आईने तो कागदही खिडकीशी नेऊन वाचला. मग तिने कपाटातला जुना कागद काढला, दोन्ही शेजारी धरले आणि मला विचारले, "तू सकाळी चालायला किती वाजता निघतेस?" तेव्हापासून आम्ही दोघी साडेपाचला निघतो. तिला पहाटेच्या अंधारात नीट दिसत नाही, म्हणून ती माझा दंड धरून चालते आणि मला तिच्या गतीने चालावे लागते. घाम येत नाही. आत्याने बरोबर दिलेली शेव आणि जिरावन अजून डब्यात आहे. रविवारी पोह्यांवर घालून आम्ही ते खातो.